आठवड्याला एक सुई: टिर्झेपेटाइडचे चाळीस आठवडे

परवाच्या रविवारी मी टिर्झेपेटाइडचे चाळिसावे इंजेक्शन घेतले. मधुमेहावरचे आणि वजन उतरवणारे हे औषध एली लिली कंपनीने भारतात मार्च २०२५ मध्ये ‘माउंजारो’ या नावाने आणले, आणि त्याच वर्षीच्या जूनपासून मी ते घेत आहे. ओळखीपाळखीतल्या बायका आता मला हळूच बाजूला घेऊन याविषयी विचारू लागल्या आहेत. प्रत्येकीला अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे, म्हणून हा खटाटोप. मी डॉक्टर नाही. साताऱ्यातल्या एका बँकेत अठ्ठावीस वर्षे हिशेब तपासणारी बाई आहे, त्यामुळे या परीक्षणात औषधाच्या गुणांइतकाच पैशांचा हिशेबही येईल, हे आधीच सांगून ठेवते.

सुरुवात केली तेव्हा माझे वय त्रेपन्न, उंची पाच फूट दोन इंच आणि वजन ९१ किलो होते. मधुमेह अकरा वर्षांचा. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या दोन्ही गोळ्या नियमित चालू असूनही तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, ८.४ वर अडकली होती आणि तिसरी गोळी वाढवायची की इन्शुलिन सुरू करायचे, असा प्रश्न उभा होता. आमच्या फिजिशियननी या इंजेक्शनचा पर्याय सुचवला. लिहून देण्यापूर्वी त्यांनी जे प्रश्न विचारले, त्यावरून माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला होता का, मला कधी स्वादुपिंडाला सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, हे सगळे त्यांनी खोदून विचारले आणि पोटाची सोनोग्राफी व डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घेतली. रक्तातली साखर झपाट्याने उतरली की पडद्याचा आधीचा विकार काही जणांत तात्पुरता बळावू शकतो, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. यातले काहीच न विचारता हे औषध कोणी लिहून देत असेल, तर तिथून उठावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

औषधाचे काम थोडक्यात सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढच्या तक्रारी कळत नाहीत. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ आणि जीआयपी अशी दोन संप्रेरके सुटतात. ती स्वादुपिंडाला साखरेच्या प्रमाणात इन्शुलिन सोडायला लावतात आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप देतात. जीएलपी-१ जठर रिकामे होण्याचा वेगही कमी करते. आपल्या शरीरातले हे संप्रेरक काही मिनिटांतच मोडून पडते. टिर्झेपेटाइड हा प्रयोगशाळेत बांधलेला एकोणचाळीस अमिनो आम्लांचा रेणू या दोन्ही संप्रेरकांचे काम करतो, आणि त्याला जोडलेल्या मेदाम्लाच्या शेपटीमुळे रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहतो. त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे पाच दिवस लागतात, म्हणून आठवड्याला एकच सुई पुरते. वेगोवी आणि ओझेम्पिक या नावांनी मिळणारे सेमाग्लुटाइड यातल्या एकाच संप्रेरकाचे, म्हणजे जीएलपी-१ चे, काम करते. (या औषधकुळाची सुरुवात अमेरिकेच्या वाळवंटातल्या हिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतल्या एका रेणूपासून झाली. १९९२ मध्ये जॉन एंग यांनी तो वेगळा काढला आणि त्यावरून बनलेले एक्झेनाटाइड २००५ मध्ये बाजारात आले. मी हे आमच्या जाऊबाईंना सांगितले आणि त्यानंतर त्यांनी माझ्या ताटातले काही उष्टे घेतलेले नाही.)

पहिले चार आठवडे २.५ मिलिग्रॅमचा डोस असतो आणि तो केवळ शरीराला सवय लागावी म्हणून असतो. तरीही माझ्या बाबतीत पहिल्या आठवड्यातच असे काही घडले की त्यासाठी मला योग्य शब्द सापडायला वेळ लागला. आमच्या शाखेत महिन्यातून चार वेळा तरी कंदी पेढ्यांचा बॉक्स फिरतो: कोणाची बढती, कोणाच्या मुलाचा निकाल, कोणाची नवी गाडी. बॉक्स टेबलावर उघडा असला की माझ्या डोक्यात एक भुणभुण सुरू असे. एक घेतला, आता पुरे, पण अर्धा घ्यायला काय हरकत आहे, दुपारचा चहा तर बिनसाखरेचाच घेतला आहे, आणि उरलेले शेवटी शिपाईच नेणार आहेत. ही भुणभुण भूक नव्हती. पोट भरलेले असतानाही ती चाले, घरी आल्यावर डब्यांच्या कपाटापाशी चाले आणि रात्री भांडी आवरताना उरलेल्या भातापाशीही चाले. तिसऱ्या इंजेक्शननंतरच्या एका दुपारी माझ्या लक्षात आले की बॉक्स समोर पाऊण तास उघडा आहे आणि मी एका कर्जखात्याचे व्याज तपासत बसले आहे. मी मनाला आवर घातला नव्हता, कारण आवरण्यासारखे काही उठलेच नव्हते. तीस वर्षे ज्याला मी स्वतःच्या स्वभावातला लोभ समजत होते आणि ज्यासाठी माहेरी-सासरी टोमणे ऐकले, त्यातला किती भाग स्वभावाचा होता आणि किती संप्रेरकांचा, हा प्रश्न त्या दुपारपासून माझ्या मागे लागला आहे. या औषधाचा सर्वांत मोठा गुण विचाराल तर मी वजनाचा आकडा सांगणार नाही, ही शांतता सांगेन.

त्या शांततेची किंमत पोट मोजते. रविवारी रात्री सुई घेतली की सोमवार बरा जाई. मंगळवारी सकाळी मळमळ सुरू होई आणि बुधवारी दुपारपर्यंत टिके. २.५ वरून ५ वर गेल्यावर पहिले दोन आठवडे कुजक्या अंड्यासारख्या वासाचे ढेकर येत आणि बँकेच्या काउंटरवर समोर ग्राहक असताना ते दाबणे हा एक वेगळाच व्यायाम होता. मळमळ पुढे ओसरली. बद्धकोष्ठ मात्र आजही आहे आणि इसबगोल, भरपूर पाणी व पपई यांच्या आधारानेच ते आटोक्यात राहते. जठर सावकाश रिकामे होत असल्याने रात्री साडेनऊला जेवण्याची जुनी सवय मोडावी लागली. आता साडेसातला जेवते. तळलेले आणि तुपकट खाल्ले तर शिक्षा लगेच मिळते. गणपतीत वन्संच्या घरी त्यांच्या आग्रहाला बळी पडून दोन मोदक आणि वर तुपाची धार घेतली, त्यानंतरची रात्र मी खुर्चीत बसून काढली. आग्रह करणाऱ्यांना हे समजावणे सुईपेक्षा अवघड आहे. ताटात वाढलेले टाकणे आपल्याकडे पाप, आणि हे औषध घेणाऱ्याला चौथ्या घासाला कळते की पुढचे चार घास जाणार नाहीत. मी आता पहिल्या वाढपालाच हात आडवा धरते आणि ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ एवढेच म्हणते. हे वाक्य आपल्या समाजात अजून चालते.

काही गोष्टी माझ्या वयाला लागू नसल्या तरी तरुण मुलींसाठी नोंदवते. हे औषध सुरू करताना आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये, दुसरे साधन वापरावे. आणि गरोदरपणाचा विचार असेल तर डॉक्टरांशी आधी बोलून औषध थांबवावे. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञाला या इंजेक्शनची कल्पना द्यावी, कारण उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेले असू शकते. आणि पोटात असह्य कळ येऊन ती पाठीकडे सरकत असेल तर तिला ‘नेहमीचा गॅस’ म्हणून सोडून देऊ नये, ते स्वादुपिंडाच्या सुजेचे लक्षण असू शकते.

आता आकडे. चाळीस आठवड्यांनंतर वजन साडेऐंशी किलो आहे, म्हणजे साडेदहा किलोंची घट, टक्क्यांत साडेअकरा. एचबीएवनसी ८.४ वरून ६.३ वर आली. ग्लिमेपिराइड तिसऱ्या महिन्यात बंद झाली, कारण ती आणि हे इंजेक्शन एकत्र असताना एके दुपारी साखर ६२ पर्यंत उतरून मला दरदरून घाम फुटला होता. रक्तदाबाची गोळी निम्मी झाली. इंटरनेटवर वाचून वीस टक्के वजन उतरेल अशी आशा धरलेल्यांनी इथे थांबावे. ज्या मोठ्या चाचणीत १५ मिलिग्रॅमच्या डोसवर ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के वजन उतरले, तीत मधुमेह नसलेले लोक होते. मधुमेह असलेल्यांच्या वेगळ्या चाचणीत तोच आकडा १४.७ टक्के होता आणि १० मिलिग्रॅमवर १२.८. म्हणजे माझा ७.५ मिलिग्रॅमवरचा निकाल अपेक्षेइतकाच आहे, कमी नाही. हा फरक जाहिरातवजा मजकुरात कोणी सांगत नाही आणि मग मधुमेही माणूस स्वतःला दोष देत बसतो.

उतरलेल्या साडेदहा किलोंत सगळी चरबीच नव्हती, हेही मला जिन्याने कळवले. डिसेंबरात वजन कमी असूनही दुसऱ्या मजल्यावर जाताना मांड्या थरथरत. भूकच नसल्याने मी दिवसाला दोन फुलके, थोडी भाजी आणि ताक यांवर राहत होते आणि त्यात प्रथिने नावालाच होती. शाकाहारी घरातली ही अडचण खरी आहे, कारण जे चार घास जातात त्यांतच सगळे बसवावे लागते. तेव्हापासून ताटात आधी मटकीची किंवा मुगाची उसळ, पनीर नाहीतर सोया, मग भाजी, आणि जागा उरली तर फुलका, असा क्रम ठेवला आहे. शिवाय आठवड्यातून तीन दिवस घरीच डंबेल्स उचलते, त्याचीही आता सवय झाली. केस मात्र चौथ्या-पाचव्या महिन्यात मूठमूठ गळले. वजन वेगाने उतरले की असे होते आणि पुढे थांबते, असे डॉक्टर म्हणाले होते, तसेच झाले. फेब्रुवारीत अजिंक्यतारा बऱ्याच वर्षांनी न थांबता चढले.

आपल्या लोकांच्या वजनाविषयी पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचे आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतून लठ्ठ असू शकतो, हा त्याचा अर्थ. हे मी इथे अशासाठी लिहिते की आपल्याकडे वजनासाठी या औषधाची मंजुरी बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त, नाहीतर २७ किंवा त्याहून जास्त आणि सोबत एखादा आजार असेल तर, अशी आहे, आणि आतून लठ्ठ असलेला माणूस या आकड्यांच्या जरासा खाली राहू शकतो. उलट बाजूला, लग्नाला तीन महिने उरले म्हणून शालू चांगला दिसावा यासाठी हे इंजेक्शन शोधणाऱ्या मुलीही मला भेटल्या आहेत. पहिल्या गटातल्या काठावरच्या माणसाने डॉक्टरांशी बोलावे. दुसऱ्या गटासाठी हे औषध नाही.

वापरण्याच्या सोयीविषयी. मी सुरू केले तेव्हा भारतात फक्त कुप्या मिळत. एका कुपीत अर्धा मिलिलिटर औषध, एका वेळेपुरते. ते इन्शुलिनच्या सिरिंजने ओढून पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली टोचायचे. सुई इतकी बारीक असते की टोचल्याचे दुःख जवळजवळ नसते, मात्र कुपीतून हवेचा बुडबुडा न येता औषध ओढणे जमायला मला तीन रविवार लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये पेन आले आणि ऑक्टोबरात ७.५ च्या डोसपासून मी त्यावर गेले. एका पेनात चार आठवड्यांचे चार डोस असतात. दर वेळी नवी सुई लावायची, थोडे औषध उडवून सुई चालू असल्याची खात्री करायची, डोस फिरवायचा, दाबायचे आणि सावकाश पाच आकडे मोजून मग सुई बाहेर काढायची. जागा दर आठवड्याला बदलायची. चार डोस संपल्यावरही पेनात थोडे औषध दिसते आणि ते सिरिंजने काढून पाचवा डोस करण्याच्या युक्त्या लोक एकमेकांना सांगतात. तसे करू नये. ते प्रमाण मोजलेले नसते आणि पेन उघडल्यावर तीस दिवसांनंतर टाकूनच द्यायचे असते. डोसचा दिवस चुकला तर चार दिवसांच्या आत घेता येतो, त्यापुढे गेला तर सोडून द्यायचा आणि पुढचा ठरल्या दिवशी घ्यायचा.

साठवण ही या औषधाची नाजूक बाजू. न उघडलेले पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचे आणि बर्फाच्या कप्प्यापासून दूर, कारण एकदा गोठलेले औषध बाद. आमच्याकडे पावसाळ्यात वीज चार-चार तास जाते, पण फ्रिज उघडला नाही तर तेवढ्याने बिघडत नाही. दुकानदाराच्या हलगर्जीचा अनुभव मात्र आला. गेल्या जूनमध्ये, अजून पाऊस लागला नव्हता तेव्हाच्या एका दुपारी, एका औषध दुकानाने माझ्या कुप्या साध्या कागदी पिशवीत, आइसपॅकशिवाय हातात दिल्या आणि त्या सकाळपासून काउंटरवरच होत्या हे विचारल्यावर कबूल केले. मी त्या परत केल्या, वाद झाला, पण चौदा हजारांचे औषध कोणत्या तापमानात किती वेळ होते हे ठाऊक नसताना शरीरात कसे घालायचे? तेव्हापासून मी घरून आइसपॅक असलेली पिशवी घेऊन जाते आणि बिलावर बॅच क्रमांक असल्याशिवाय पैसे देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये याच कुळातल्या ओझेम्पिकच्या बनावट बॅचेसविषयी इशारा दिला होता. समाजमाध्यमांवर ‘निम्म्या किमतीत’ म्हणून जे विकले जाते, त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये.

आणि आता हिशेब, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. मी सुरू केले तेव्हा २.५ मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांची आणि ५ ची ४,३७५ रुपयांची होती. म्हणजे पहिले चार आठवडे १४,००० आणि पुढे चार आठवड्यांना १७,५००. ७.५ च्या पेनची किंमत सुरुवातीला २२,००० होती, औषधांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आल्यावर ती थोडी उतरली. चाळीस आठवड्यांत माझे सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले आणि माझ्या मेडिक्लेममध्ये यातला एक रुपयाही बसत नाही. इथे एक बारकावा लक्षात ठेवावा: पेन चार आठवड्यांचे असते, महिन्याचे नव्हे, त्यामुळे वर्षाला बारा नाही, तेरा पेने लागतात. पगारातून महिन्याचा आकडा वजा करणारे नेमके हेच विसरतात.

शिवाय हा खर्च संपणारा नाही. एका चाचणीत ३६ आठवडे औषध देऊन सरासरी २०.९ टक्के वजन उतरवले आणि मग काहींना नकळत नुसते पाण्याचे इंजेक्शन सुरू केले. पुढच्या वर्षभरात त्यांचे वजन सरासरी १४ टक्क्यांनी परत चढले. ज्यांचे औषध चालू राहिले त्यांचे आणखी उतरले. हे अँटिबायोटिकच्या कोर्ससारखे औषध नाही, घरभाड्यासारखे आहे: देत राहाल तोवर राहाल. म्हणून मैत्रिणींना मी आधी एवढेच विचारते की दोन वर्षे हा आकडा दर चार आठवड्यांना बाजूला काढून घरातल्या दुसऱ्या कशालाही धक्का लागणार नाही का. मुलाच्या फीचा किंवा कर्जाच्या हप्त्याचा विचार मनात आला, तर सुरूच करू नका, असे सांगते. अर्धवट सोडून परत चढलेले वजन हे न उतरलेल्या वजनापेक्षा मनाला जास्त लागते, हे मी डाएटच्या चार खेपांवरून जाणते.

स्वस्त पर्यायाचा प्रश्न आता नव्याने उभा राहिला आहे, कारण सेमाग्लुटाइडचे भारतातले पेटंट मार्च २०२६ मध्ये संपले आणि देशी कंपन्यांचा मार्ग मोकळा झाला. दोन्ही औषधांची थेट तुलना करणाऱ्या, मधुमेह नसलेल्यांवरच्या चाचणीत ७२ आठवड्यांत टिर्झेपेटाइडने सरासरी २०.२ टक्के आणि सेमाग्लुटाइडने १३.७ टक्के वजन उतरवले होते. फरक लहान नाही, पण जे परवडत नाही त्याची सरासरी काय कामाची? नव्याने सुरू करणाऱ्या आणि बेताचे बजेट असणाऱ्या माणसाने डॉक्टरांशी आधी सेमाग्लुटाइडविषयीच बोलावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पाचपैकी गुण द्यायचे झाले तर परिणामासाठी साडेचार, पोटाला होणाऱ्या त्रासासाठी अर्धा वजा, आणि किमतीसाठी पुरता एक वजा; म्हणजे तीन. माझ्यापुरते म्हणाल तर डॉक्टरांशी बोलून सप्टेंबरमधल्या एचबीएवनसीपर्यंत ७.५ वरच राहायचे ठरले आहे. तोवर साखर अशीच राहिली तर ५ वर उतरून पाहायचे, त्यात पेनमागे चारेक हजार वाचतील. नवे पेन कालच आणले आहे. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीमागे, सुनेच्या हाताला चुकून लागणार नाही असे ठेवले आहे.